अहमदाबादच्या २०३० खेळांआधी लारीवाल्यांनी आणि भाडेकरूंनी काय करून ठेवावं

चांदखेड्याहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. घराणं मूळचं खानदेशातलं, सासरे गिरणीत लागले म्हणून अहमदाबादला आलेलं. घर भाड्याचं. मोटेऱ्याच्या स्टेडियमजवळ त्यांची आणि त्यांच्या यजमानांची नाश्त्याची लारी, म्हणजे हातगाडी, आहे, बारा वर्षं झाली. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार हे नक्की झाल्यापासून एक शेजारी म्हणतो धंदा चौपट होईल, दुसरा म्हणतो सगळ्यांना उठवतील. खरं काय, आणि आत्ता आपल्या हातात काय आहे, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी पुण्यात नगररचना आणि पुनर्वसनाच्या कामात तीसेक वर्षं काढली. २००८ मध्ये युवा राष्ट्रकुल स्पर्धा पुण्यात झाल्या त्या जवळून पाहिल्या, आणि पुढची दोन वर्षं दिल्लीत उठवलेल्या वस्त्यांच्या पाहणीत होते. त्यावरून सांगते, तुमचे दोन्ही शेजारी अर्धे बरोबर आहेत. उठवाउठव होते, पण ती खेळांच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू होते आणि शेवटच्या सहा महिन्यांत जोर धरते. धंदाही वाढू शकतो, पण प्रत्यक्ष खेळांच्या दहा-बारा दिवसांत नाही. त्या दिवसांत तुमची लारी आजच्या जागी बहुधा लागणारच नाही. ही गोष्ट मनाशी आधीच धरून चाला, म्हणजे त्या भरवशावर कोणी कर्ज काढणार नाही.

मोठी स्पर्धा आणि इतर सरकारी काम यांत मुख्य फरक तारखेचा. उड्डाणपूल वर्षभर रखडला तर लोक चरफडतात आणि वळसा घालून जातात. खेळांच्या उद्घाटनाची तारीख मात्र सत्तरेक देशांना कळवलेली असते. ती हलत नाही. (गोव्याला राष्ट्रीय स्पर्धा २०१६ साठी मिळाल्या आणि झाल्या २०२३ मध्ये. देशातल्या देशात असं चालून जातं, बाहेरचे पाहुणे बोलावल्यावर चालत नाही.) काम मागे पडतंच, आणि मग वेळ कुठून तरी काढावा लागतो. तो निघतो नोटिशीच्या मुदतीतून, सुनावणीतून, उठवण्याआधी पर्यायी जागा तयार ठेवण्याच्या नियमातून, मजुरांच्या सुट्ट्यांतून. सामान्य माणसाच्या रक्षणासाठी ज्या पायऱ्या ठेवलेल्या असतात, नेमक्या त्याच गाळल्या जातात. यासाठी कोणी दुष्ट असावा लागत नाही. चांगल्या, संवेदनशील अधिकाऱ्यांनाही मी शेवटच्या वर्षात असं वागताना पाहिलंय, कारण वरून रोज एकच विचारणा होत असते: किती टक्के झालं?

म्हणजे तुमच्या दृष्टीने मोलाची वर्षं आत्ताची आहेत. आज कार्यालयात कोणाला घाई नाही, अर्ज घेतला जातो, पोच मिळते. २०२९ मध्ये तोच अर्ज टेबलावर पडून राहील.

दिल्लीबद्दल जरा विस्ताराने सांगते. दिल्लीला खेळ मिळाले २००३ च्या नोव्हेंबरात आणि झाले ३ ते १४ ऑक्टोबर २०१०. मधल्या काळात, म्हणजे २००४ ते २०१० या वर्षांत, खेळांपायी किमान दोन लाख माणसं घरांतून उठवली गेली असा अंदाज हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क या संस्थेने मांडला. हा आकडा सरकारी कागदांत तुम्हाला सापडणार नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पाडापाडीच्या नोटिशीवर ‘खेळांसाठी’ असं क्वचितच लिहिलेलं असतं. तिथे असतं रस्तारुंदी, सुशोभीकरण, सुरक्षा, नाल्याची सफाई, वाहनतळ. जंगपुऱ्यात बारापुल्ला नाल्याकाठी तमिळ दलित कुटुंबांची जुनी वस्ती होती, साडेतीनशेहून जास्त घरं. २०१० च्या एप्रिलमध्ये, म्हणजे खेळांना सहा महिने असताना, ती पाडली. जागा हवी होती गाड्या उभ्या करायला. बारा दिवसांच्या गाड्यांसाठी.

म्हणून तुमच्या भागात ‘खेळांचा आराखडा’ कधी जाहीर होतो याची वाट बघत बसू नका. रस्त्यावर लाल-पांढऱ्या खुणा कोण मारतंय, मोजणीवाले कोणत्या खात्याचे आहेत, वाहनतळासाठी कोणते रिकामे भूखंड बघताहेत, तिकडे लक्ष ठेवा.

यमुनेच्या काठच्या पुश्त्यावरची, म्हणजे बांधावरची, घरं २००४ मध्ये हटवली तेव्हा नदीकाठ मोकळा करण्याचं कारण दिलं होतं, न्यायालयाचे आदेशही होते. लोकांना शहराच्या पार उत्तर टोकाला, बवानाला नेऊन सोडलं. पाच वर्षांनी आम्ही तिथे गेलो तेव्हा ज्या बायका आमच्याशी बोलल्या त्यांच्यात घरकामवाल्या बऱ्याच होत्या. त्यांची कामाची घरं जुन्या वस्तीजवळ राहिली होती, तीसेक किलोमीटरवर. एकीने हिशोब सांगितला: दोन घरचं झाडू-पोछा करून जे मिळायचं त्यातलं निम्मं बसला जायचं, आणि संध्याकाळी परत येईस्तोवर पोरी एकट्या. तिने काम सोडलं. पुनर्वसन झालं का, या रकान्यात तिच्या नावापुढे ‘होय’ होतं. प्लॉट मिळाला होता ना. त्या दिवसापासून मी कुठल्याही पुनर्वसनाच्या यादीत पहिला प्रश्न अंतराचा विचारते. आणि ज्या यमुनेचं कारण देऊन झोपड्या हटवल्या, तिच्याच पूरक्षेत्रात पुढे क्रीडाग्राम उभं राहिलं. ११६८ सदनिका. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ मध्ये बांधकामाला मोकळीक मिळाली. बांधणाऱ्या खासगी कंपनीचे पैसे कमी पडल्यावर दिल्ली विकास प्राधिकरणाने त्यातल्या शेकडो सदनिका विकत घेऊन काम पुरं करून घेतलं. तारीख हलत नसली की हेही होतं. गरिबाच्या प्लॉटसाठी पैसे नाहीत असं जिथे ऐकायला मिळतं, तिथेच शेवटच्या वर्षी कोटींच्या रकमा एका बैठकीत मंजूर होतात.

खर्चाचंही असंच. बोली लावली तेव्हा, २००३ मध्ये, अंदाज होता सुमारे १,२०० कोटींचा. २०११ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला त्यात आकडा १८,५०० कोटींच्या पुढे गेला होता. तुम्ही म्हणाल, सरकारचा पैसा, आमच्या लारीशी काय संबंध? संबंध आहे. दिल्ली सरकारने अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखून ठेवलेल्या निधीतले साडेसहाशे कोटींहून जास्त रुपये खेळांशी जोडलेल्या कामांकडे वळवले होते, आणि हे २०१० च्या ऑगस्टमध्ये खुद्द गृहमंत्र्यांनी राज्यसभेत मान्य केलं. पैसा असा दुसऱ्याच्या ताटातून उचलला जातो. तुमच्या वॉर्डातल्या दवाखान्याचं, आंगणवाडीचं, ड्रेनेजचं जे काम मंजूर आहे, त्याची अंदाजपत्रकातली तरतूद दर वर्षी तपासत राहा. २०२८-२९ मध्ये ती अचानक आटली तर ओरड करायची तीच वेळ.

मजुरांबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, कारण तुमच्या वस्तीतले पुष्कळ जण बांधकामावर जात असतील. १९८२ मध्ये दिल्लीत एशियाड झालं तेव्हा मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हतं. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही राज्यघटनेच्या २३व्या कलमाने मनाई केलेली वेठबिगारी आहे. कायद्याच्या अभ्यासात आजही तो निकाल शिकवतात. आणि अठ्ठावीस वर्षांनी त्याच शहरात, त्याच स्टेडियमांच्या डागडुजीवर, पुन्हा तेच. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला कमी वेतन, निकृष्ट निवारा, अपुरी सुरक्षा हे सगळं आढळलं. निकाल असून उपयोग झाला नाही, कारण मजुराच्या हातात कागद नव्हता. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेलं बांधकाम मजुरांचं कल्याणकारी मंडळ असतं, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो तो त्यासाठीच. वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराला तिथे नोंदणी करता येते. कामं जोरात सुरू होण्याआधी नोंदणी करून घ्या. अपघात झाल्यावर धावाधाव करून काही मिळत नाही, हे मी फार जवळून पाहिलंय.

दिल्लीला मिळालं काय, तेही सांगायला हवं. विमानतळाची नवी इमारत आली, मेट्रोचा मोठा भाग वेळेत पुरा झाला, बारापुल्ल्याचा उन्नत रस्ता झाला, खालच्या पायरीच्या बसगाड्या आल्या. लाखो लोक आज ते रोज वापरतात आणि मीही दिल्लीला गेले की वापरते. पण नीट बघा, यातली एकही गोष्ट धावण्याच्या ट्रॅकशी संबंधित नाही. मेट्रो खेळांशिवायही झाली असती, कदाचित दोन-तीन वर्षं उशिरा. खेळ शहराला निधी आणि घाई देतात, ती घाई उपयोगी कामाला लावून घेतली तरच लोकांच्या पदरात काही पडतं. तुमच्याकडे मोटेऱ्यापर्यंतची मेट्रो २०२२ मध्येच आली आणि २०२४ मध्ये गांधीनगरकडे निघाली. सगळ्यात मोठा लाभ तुम्हाला खेळांच्या आधीच मिळून गेला आहे, एका अर्थाने.

पुण्याचं बालेवाडीही इथेच आठवतं. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीला क्रीडासंकुल बांधलं, तेव्हा आजूबाजूला शेती होती. आज तिथे टोलेजंग इमारती आहेत आणि लोक सर्रास म्हणतात, खेळांनी बालेवाडीचं सोनं केलं. मला हे पटत नाही. संकुल झाल्यावर बरीच वर्षं तो परिसर शांतच होता. दर वाढले ते हिंजवडीची आयटी पार्क आणि मुंबई-बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता आल्यावर. संकुलाचा उपयोग चांगला होतोच, खेळाडू घडतात, टेनिसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या, मावळ लोकसभेची मतमोजणीसुद्धा तिथेच होते. पण गावातल्या पोराला संध्याकाळी पाच वाजता तिथल्या मैदानावर फुकट किंवा परवडेल अशा फीमध्ये खेळता येतं का, हा प्रश्न १९९४ मध्ये कोणी लेखी विचारला नव्हता. नंतर विचारून काही हलत नाही, कारण देखभालीचा खर्च समोर येतो आणि तो भागवायला मैदान भाड्याने द्यावं लागतं. नारणपुऱ्याचं वीर सावरकर क्रीडासंकुल २०२५ मध्ये सुरू झालं. पुढे आणखी होतील. तुमच्या महिला मंडळाने, सोसायट्यांनी, शाळांनी एकत्र येऊन आत्ताच मागावं: आठवड्यातले इतके तास, इतक्या अंतरातल्या पालिका शाळांच्या मुलांसाठी राखीव, आणि ते संकुल चालवायला देण्याच्या करारातच लिहिलेलं. तोंडी आश्वासन नको.

आता लारीकडे येते.

ब्राझीलमध्ये साल्वादोर नावाचं शहर आहे, बाईआ प्रांताची राजधानी. तिथल्या रस्त्यांवर पांढरा घेरदार झगा आणि डोक्याला फडकं बांधलेल्या बायका ‘अकाराजे’ विकतात. काय असतं ते? चवळी भिजवून, साल काढून, वाटून, पामच्या लाल तेलात तळलेला वडा. आत झिंग्याचं सारण. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या बायकांनी हा पदार्थ तिथे रुजवला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर संसार चालवले. सामन्यांच्या दिवशी स्टेडियमपाशी या बायका बसायच्याच, जशा तुम्ही बसता. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी तिथलं जुनं स्टेडियम पाडून नवं बांधलं, आणि फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमानुसार स्टेडियमभोवतीच्या पट्ट्यात फक्त प्रायोजक कंपन्यांचा माल विकायचा ठरलं. वडेवाल्या बाहेर. या बायकांची आधीपासून संघटना होती. त्यांनी विश्वचषकाची वाट पाहिली नाही. एक वर्ष आधीच्या सराव स्पर्धेच्या वेळीच मोर्चे काढले, हजारो सह्या गोळा केल्या, देशभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. शेवटी महासंघ नमला आणि २०१३ मध्ये मोजक्या वडेवाल्यांना स्टेडियमच्या आवारात विक्रीची परवानगी मिळाली. मोजक्याच, सहा जणींना. मी हा विजय फुगवून सांगत नाही. पण त्या सहा जागा तरी का मिळाल्या ते बघा: त्या संघटित होत्या, त्यांच्या धंद्याची सांस्कृतिक वारसा म्हणून सरकारी नोंद आधीच झालेली होती, आणि त्या वेळेत उठल्या.

दक्षिण आफ्रिकेत डर्बनला १९१० पासूनचा पहाटबाजार आहे, मळे करणाऱ्या हिंदी कुटुंबांनी वाढवलेला. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर पालिकेने तिथे मॉल आणायचा घाट घातला. विक्रेते कोर्टात गेले, विश्वचषक होऊन गेला तरी बाजार उभा राहिला, आणि पुढे पालिकेने तो प्रस्ताव मागे घेतला. तारीख उलटली की मॉलवाल्यांचाही जोर ओसरतो, हेही लक्षात ठेवा.

तुमच्या हातात या दोन्ही ठिकाणच्या विक्रेत्यांपेक्षा भक्कम गोष्ट आहे. आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की सर्वेक्षण पुरं होऊन सगळ्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही उठवता किंवा हलवता येत नाही. नगर विक्रेता समितीत निवडून आलेले विक्रेते किमान ४० टक्के हवेत आणि त्यांच्यात एक तृतीयांश बायका. हलवायचंच असेल तर ३० दिवसांची नोटीस. माल उचलला तर यादी करून सहीसकट प्रत तुमच्या हातात दिली पाहिजे. नाशवंत माल, म्हणजे तुमचे पोहे, पीठ, भाजी, मागितल्या दिवशीच परत. बाकीचा माल दोन कामकाजाच्या दिवसांत.

कायदा आहे म्हणून दबाणवाले, म्हणजे पालिकेचे अतिक्रमण हटवणारे, येणार नाहीत असं मी म्हणणार नाही. तुम्ही बारा वर्षं अहमदाबादेत लारी लावताय, मी काय सांगू? पण ज्याच्याकडे प्रमाणपत्र असतं त्याच्याशी बोलण्याचा सूर वेगळा असतो, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर तोच कागद उपयोगी पडतो. २०२० मध्ये पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या सरकारी योजनेचं कर्ज तुम्ही घेतलं असेल तर त्या वेळचं शिफारसपत्र, बँकेची नोंद, क्यूआर कोडवर आलेल्या पैशांचे खातेउतारे, सगळं जपून ठेवा. आपण या जागी इतकी वर्षं धंदा करतो हे दाखवणारी प्रत्येक चिठ्ठी कामाची. लारीचा फोटो काढताना मागे मेट्रोचा खांब, दुकानाची पाटी, असं काहीतरी न हलणारं दिसेल असा काढा.

आणि अहमदाबादेत ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना आहे. इलाबेन भट्टांनी १९७२ मध्ये उभी केलेली. माणेकचौकातल्या भाजीवाल्यांच्या हक्कासाठी ही संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. विक्रेत्यांच्या बाबतीत तिच्याइतका अनुभव देशात फार थोड्यांकडे असेल, आणि ती तुमच्याच गावात आहे. सभासद नसाल तर व्हा. एकटीने वॉर्ड ऑफिसला जाऊ नका, तुमच्या पट्ट्यातल्या वीस-पंचवीस लारीवाल्यांनी मिळून जा. मागणीही नेमकी करा: खेळांच्या दिवसांत सुरक्षेच्या कड्यामुळे जागा सोडावी लागली तर किती दिवस, पर्यायी जागा कुठे, आणि खेळ संपल्यावर जुन्या जागी परत लावू देण्याची तारीख कोणती. हा तिसरा मुद्दा लोक विसरतात. ‘तात्पुरतं’ हलवलेली लारी परत त्या जागी येते का, खरं भांडण तिथे असतं. पुण्यात २००८ च्या वेळी स्पर्धेच्या मार्गावरून तात्पुरते म्हणून हलवलेले काही पथारीवाले माझ्या ओळखीचे होते. परतीचं कोणी लिहून घेतलं नव्हतं, आणि त्यांच्यातल्या दोघांच्या जागी पुढे फुलझाडांच्या कुंड्या आल्या.

खेळांच्या काळात गर्दी होईल, या अपेक्षेबद्दलही सांगते. २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी लंडनच्या मधल्या बाजारपेठेत आणि नाट्यगृहांत चक्क शुकशुकाट होता, कारण नेहमीचे पर्यटक गर्दीच्या भीतीने आलेच नाहीत आणि शहरातल्या लोकांना महिनोन्‌महिने ‘प्रवास टाळा’ असं सांगितलं गेलं होतं. स्पर्धेला आलेला माणूस हॉटेलातून बसने थेट मैदानात जातो आणि आतच खातो. तुमचं खरं गिऱ्हाईक आहे ते चार वर्षं बांधकामावर येणारे मजूर, सुपरवायझर, ट्रकवाले. सकाळी साडेसहाला चहा-नाश्ता मागणारा माणूस तो. धंदा वाढवायचा असेल तर त्याच्याकडे बघा, त्याची कामाची जागा कुठे सरकते तिकडे लक्ष ठेवा.

भाड्याच्या घराची मला जास्त काळजी वाटते. लारीला कायद्याचा आधार आहे, भाडेकरूला फार थोडा. बार्सिलोनाचं १९९२ चं ऑलिंपिक जगभर यशस्वी म्हणून गौरवलं जातं. रेल्वेचे रूळ हलवून शहराला समुद्रकिनारा मोकळा करून दिला, आणि ते खरंच सुंदर काम आहे. पण खेळ मिळाल्यापासून होईपर्यंतच्या सहा वर्षांत घरांच्या किमती दुपटीहून जास्त झाल्या आणि तिथली तरुण कुटुंबं शहराबाहेर गेली. पूर्व लंडनमध्ये क्लेज लेन नावाची सहकारी गृहसंस्था होती, चारशेहून जास्त माणसं राहायची, ती ऑलिंपिक पार्कसाठी पाडली. पुढे क्रीडाग्रामाच्या घरांतली निम्मी परवडणारी म्हणून ठेवली, हे लंडनने केलं. पण क्लेज लेनच्या शेजाराने एकत्र राहायला मिळावं म्हणून मागितलं होतं, ते मिळालं नाही.

दरवाढ खेळांनी होत नाही, खेळांच्या बातमीने होते. तुमच्या मालकांना ती बातमी कळलेलीच आहे. दर ११ महिन्यांनी नवा करार करण्यापेक्षा तीन वर्षांचा, वाढीची टक्केवारी आधी ठरवून, नोंदणी केलेला करार करता येतो का ते बघा. मालक थोडं जास्त मागतील. बजेटमध्ये बसत असेल तर द्या, असं माझं मत. करारावर नाव दोघांचं घाला, तुमचंही. रेशनकार्ड, मतदार यादी, गॅस, मुलांच्या शाळेचे दाखले, सगळीकडे हाच पत्ता हवा. उद्या रस्त्याच्या रेषेत ते घर आलं तर मालकाला मोबदला मिळेल, आणि भाडेकरूच्या हातात पत्त्याचा पुरावा नसेल तर तो यादीतच येत नाही. मी घरोघर सर्वेक्षण केलंय, ताई. दाराला कुलूप असलं की नोंद होते ‘बंद घर’ अशी. कामावर गेलेल्या बाईचं घर असंच यादीतून सुटतं. मोजणीवाले आल्याचं कळलं तर त्या दिवशी लारी बंद ठेवा, पण घरी थांबा, आणि क्रमांक टाकलेल्या चिठ्ठीचा फोटो घ्या.

नकाशा बघायचा तो नगररचना योजनेचा. तुमच्याकडे त्याला ‘टीपी’ म्हणतात. मूळ कल्पना जुन्या मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या कायद्यातली, गुजरातने ती चांगली टिकवली, महाराष्ट्रात आम्ही जवळजवळ विसरून गेलो होतो. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते-बागा-गरिबांची घरं यांसाठी हिस्सा काढून, उरलेले भूखंड नव्याने वाटायचे. म्हणजे तुमच्या भागात गरिबांच्या घरांसाठी राखलेले भूखंड कागदावर असणार. ते कुठे आहेत, आणि त्यांचा वापर बदलण्याचा प्रस्ताव येतोय का, हे कोणी तरी पाहत राहायला हवं. बदलाआधी हरकती मागवाव्या लागतात, त्यालाही मुदत असते आणि ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून निघून जाते. कॉलेजात जाणारी मुलं असतील तर हे काम त्यांना द्या.

साबरमती रिव्हरफ्रंटच्या, म्हणजे नदीकाठ विकसित करण्याच्या प्रकल्पाच्या, वेळी काय झालं ते तुमच्या भागातल्या जुन्या लोकांना विचारा. नदीकाठच्या वस्त्यांनी नागरिक अधिकार मंच स्थापन केला, २००५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात गेले, आणि शेवटी दहा हजारांहून जास्त कुटुंबांना पक्की घरं मिळाली. तक्रारी पुष्कळ राहिल्या. घरं लांब मिळाली, मधली काही वर्षं कित्येकांनी पिराणाजवळच्या मोकळ्या माळावर हालात काढली. तरीही दिल्लीच्या पुश्त्याशी तुलना केली तर इथल्या लोकांच्या पदरात जास्त पडलं, आणि ते न्यायालयात वेळेवर गेल्याने पडलं. २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कार्यक्रमाआधी सराणियावास या झोपडवस्तीपुढे भिंत उभी राहिली होती ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंच असेल. ती भिंत काही आठवड्यांत झाली. मंचाचा खटला वर्षानुवर्षं चालला. दोन्ही तुमच्याच शहरात.

एक आशेची बाजूही आहे. २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धा गुजरातने तीन महिन्यांहून कमी वेळात भरवल्या, सहा शहरांत वाटून, बहुतेक असलेल्या मैदानांवर. बडोद्यासारख्या शहराला त्यात वाटा मिळाला आणि नवं बांधून जागा रिकामी करायची वेळ फारशी आली नाही. २०३० मध्येही जितके खेळ जुन्या मैदानांवर होतील तितकी घरं वाचतील. तुमच्या आमदारांना, नगरसेवकांना भेटाल तेव्हा हा मुद्दा घाला. त्यांनाही तो सोयीचा आहे, कारण खर्च वाचतो.

या महिन्यात एवढंच करा. वॉर्ड ऑफिसला जाऊन तुमच्या नावावर विक्री प्रमाणपत्र आहे का, आणि तुमचा पट्टा विक्री क्षेत्रात धरलाय की ‘ना-विक्री’ क्षेत्रात, हे लेखी विचारा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात तोच प्रश्न टाका. जे उत्तर येईल ते मला कळवा. ‘ना-विक्री’ असेल तर हरकत कशी लिहायची ते मी सांगते, ती तुमच्या एकटीच्या नावाने जाता कामा नये, म्हणून बाकीच्या लारीवाल्यांची नावं आणि वर्षं एका वहीत आजपासूनच उतरवायला घ्या.